मदत हवी आहे: सोलापुरी टॉवेल परराज्यात आणि युरोपात विकताना नियम कसे सांभाळता?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे आठ माग आहेत. टॉवेल आणि जेकार्ड चादरी काढतो. बाबांनी आयुष्यभर व्यापाऱ्यांना ठोक माल दिला. दीड वर्षापूर्वी मी ऑनलाइन विक्री सुरू केली. माल खपतोय, पण कागदपत्रांनी मेटाकुटीला आले आहे.

आधी देशातलं विचारते. सोलापुरातून कुरिअरने कुठल्याही राज्यात माल गेला तर आहे त्या जीएसटी नंबरवर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी) लावून भागतं. आता साइटवाले म्हणतात, माल हैदराबादच्या गोदामात ठेवा, लवकर पोचेल. पण तिथे माल ठेवला की तेलंगणाचा वेगळा नंबर आणि वेगळी रिटर्न्स आली. नागपूरच्या गोदामाला आमचाच नंबर चालतो, फक्त जादा जागा दाखवायची. पण नागपूर आम्हाला हैदराबादच्या दुप्पट लांब. दुसऱ्या राज्याचा नंबर कुणी घेतलाय का? महिन्याला किती नग गेले की परवडतं?

खरी अडचण युरोपची. आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) आणि एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) आहे, तिथवर काही अडलं नाही. पण १३ डिसेंबर २०२४ पासून तिकडे उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम लागू झालाय. युरोपीय संघातली एक जबाबदार व्यक्ती नेमून तिचं नाव-पत्ता मालावर किंवा पाकिटावर द्यावा लागतो. जर्मनीसाठी शिवाय पॅकिंगची नोंदणी, लुसिड म्हणतात ती. तिला किमान मर्यादाच नाही, बारा टॉवेल पाठवा नाहीतर बारा हजार. ही कामं करून देणाऱ्या एका कंपनीने या सगळ्याची सांगितलेली वर्षाची फी आमच्या युरोपातल्या वर्षभराच्या नफ्यापेक्षा जास्त आहे.

लेबलांचंही तेच. कापड कशाचं आहे (कापूस, पॉलिस्टर वगैरे) ते त्या त्या देशाच्या भाषेत हवं. गेल्या आठवड्यात आईने चाळीस टॉवेलांची जुनी लेबलं ब्लेडने उसवून जर्मन छापलेली शिवली. तीन टॉवेलांच्या काठाचा धागा ओढला गेला, ते बाजूला काढावे लागले. एकाच लेबलावर चार-पाच भाषा छापून घेणारं कुणी आहे का?

अझो रंगांच्या (कापडाचे रासायनिक रंग, त्यातले काही युरोपात चालत नाहीत) चाचणीचा रिपोर्ट डाईंगवाल्याकडचा चालतो, की प्रत्येक रंगाचा आपण वेगळा करून घ्यायचा?

(अमेरिका सध्या बंद ठेवली आहे. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटीमाफी गेली, त्यामुळे एक-दोन टॉवेलांचं पार्सल परवडत नाही.)

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझा मावसभाऊ म्युनिकला नोकरीला आहे. जबाबदार व्यक्ती म्हणून तो म्हणतो, "ताई, माझा पत्ता टाक, काही होत नाही." पण मी वाचलंय त्याप्रमाणे मालाची कागदपत्रं तयार आहेत की नाही हे त्याने बघायचं, तिथल्या अधिकाऱ्यांनी मागितली तर द्यायची आणि काही धोका निघाला तर त्यांना कळवायचं. नुसता पत्ता देऊन भागत नाही. त्याची नवी नोकरी, लहान मूल. ज्यांनी घरच्या माणसाला असं नेमलंय त्यांनी खरं काय ते सांगा. रविवारी त्याला फोन करायचा आहे.