चित्रपुस्तक पाच मिनिटांत का संपतं?

चित्रपुस्तक पाच मिनिटांत संपतं, मोठ्यांना त्यात काय मिळणार, असा प्रश्न पडतो. संपतं, कारण आपण नुसती अक्षरं वाचतो. आधी मजकुरावर हात ठेवून फक्त चित्रं पाहा, मग वाचा. शब्दांत कुठेच नसलेली एखादी मांजर पानोपानी स्वतःची वेगळीच गोष्ट जगत असते!

बरीच चित्रपुस्तकं ३२ पानांची, कारण छपाईचा मोठा कागद दुमडून १६-१६ पानांचे फर्मे होतात. चित्रकाराला पान उलटण्याच्या जागा मोजक्याच मिळतात आणि खरी गंमत तिथेच दडवलेली असते. म्हणून पान सावकाश उलटा. जोडपानी चित्रं असतील तर पिना मारलेली प्रत बरी. चिकटबांधणीत मधला भाग घडीत गडप होतो.

साताऱ्याकडचे असाल तर भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, तिथे बालसाहित्यही निवांत बसून चाळता येतं.