महसुली खर्च म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : बी.ए.च्या वर्गाला सार्वजनिक आयव्ययाचं, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचं पाठ्यपुस्तक शिकवते. मुलांचं मत असं की आकडेमोड जमते, पण पुस्तकाची भाषा अडते. परवा एकीने विचारलं, "महसुली खर्च म्हणजे महसूल गोळा करायला येणारा खर्च ना?" निम्म्या वर्गाचा तोच समज निघाला. शिवाय एका प्रकरणात 'राजकोषीय तूट' आहे, तर पुढच्यात 'वित्तीय तूट'. या दोन वेगळ्या आहेत का?

उत्तर : मुलीचा समज अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे महसूल म्हटलं की तलाठी, सातबारा आणि शेतसाराच डोळ्यांपुढे येतो. अर्थसंकल्पात मात्र 'महसुली' म्हणजे चालू खात्यावरचं. महसुली जमेत कर असतात, तसेच फी, दंड, व्याज, लाभांश आणि केंद्राकडून येणारी अनुदानंही असतात. ज्या खर्चातून सरकारची मालमत्ता उभी राहत नाही आणि कर्जही फिटत नाही, तो महसुली खर्च. शाळेची इमारत बांधली तर भांडवली. शिक्षकांचा पगार, निवृत्तिवेतन आणि इमारतीची डागडुजी महसुली. म्हणून 'महसुली' ऐकून तो खर्च वायफळ समजू नये, हे वर्गात आवर्जून सांगा. शिक्षक नसलेली इमारत काय कामाची?

यात एक गुंता आहे. केंद्राने राज्याला मालमत्ता उभारायला अनुदान दिलं, तरी केंद्राच्या हिशेबात ते महसुलीच धरतात. महसुली खर्च महसुली जमेपेक्षा जितका जास्त, ती महसुली तूट. तिच्यातून अशी अनुदानं वजा करून काढलेली 'प्रभावी महसुली तूट' २०१२ च्या दुरुस्तीने वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात आली होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : राजकोषीय आणि वित्तीय तूट एकच. पुस्तकाने एकच शब्द शेवटपर्यंत ठेवायला हवा होता. मी 'राजकोषीय' घेते, कारण 'वित्तीय' कशालाही लागतो. समजा, कर्जफेड सोडून खर्च १०० रुपये, महसुली जमा ७०, दिलेल्या कर्जांची वसुली आणि निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतले भाग विकून आलेला पैसा) मिळून ५. राजकोषीय तूट २५, म्हणजे तेवढं कर्ज काढावं लागणार. खर्चातले १५ व्याजाचे असतील, तर ते वजा करून उरणारी प्राथमिक तूट १०.

जुन्या आवृत्त्यांमधली 'अर्थसंकल्पीय तूट' वेगळी. तिच्यात घेतलेलं कर्जही जमेतच धरत, त्यामुळे ती लहान दिसे. केंद्राने ती १९९७-९८ पासून दाखवणं सोडलं. 'योजनांतर्गत' (पंचवार्षिक योजनेतला) आणि 'योजनेतर' (योजनेबाहेरचा) खर्च हा भेदही २०१७-१८ पासून गेला. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात आता 'कार्यक्रम खर्च' आणि 'अनिवार्य खर्च' असं लिहितात. मुलांच्या हाती जुनी आवृत्ती असेल, तर हे आधीच सांगून टाका.

पुन्हा प्रश्न : फार मदत झाली. आणखी एक, 'राजस्व' म्हणजे महसूलच का?

उत्तर : हिंदीत बहुधा तोच अर्थ. मराठी पुस्तकांत मात्र 'राजस्व' हे अख्ख्या विषयाचं, म्हणजे सार्वजनिक आयव्ययाचंही नाव आहे. स्पर्धा परीक्षेसाठी हिंदी पुस्तकं वाचणारी मुलं इथेच अडखळतात.