वसई पट्ट्यातली बेकरी, चर्च, पतपेढी, दवाखाना: तुमच्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

वाडीतली: काल आत्याने आगाशीहून सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) पाठवली. केळीच्या वाळक्या पानाची गाठ सोडली, वास आला आणि निर्मळजवळची आमची बेकरी डोळ्यांसमोर उभी राहिली. नाताळच्या आधी घरोघरी केकचं पीठ घोटायचं आणि डबे भाजायला तिथे न्यायचे. पाव निघाले की रात्री भट्टीत डबे जायचे. नावाची चिठ्ठी जळून जाते म्हणून आई खिळ्याने डब्याच्या कडेला खूण करायची. आमची तीन टिंबं. १९८२च्या गिरणी संपात बाबा घरी बसले होते, त्या नाताळला बेकरीवाल्या काकांनी भाजणावळ घेतली नाही. 'पुढच्या वर्षी दोन्ही मिळून द्या,' म्हणाले. पुढच्या वर्षीही घेतली नाही. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. काकांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून इथे लिहिते. तुमचीही अशी माणसं असतील, लिहा.

वैशाली_सोपारा: अगं आम्ही दिवाळीची नानकटाई भाजायला न्यायचो! पत्र्याच्या ट्रेमध्ये, वरून ओलं फडकं. परत येईपर्यंत चार कमी झालेल्या असायच्या, भावाचे खिसे तुपकट. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

नंदाखालचा: भाजणावळ! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

फिलू: आजी पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जायची. लाल लुगडं, डोक्यावर पाटी. परत आली की ओच्यातले पैसे मोजून थोडे बाजूला काढायची, ते बॅसीन कॅथॉलिक बँकेत. बँक १९१८ची, सुरुवात पतपेढी म्हणून झाली, त्यामुळे आजोबा शेवटपर्यंत तिला 'सोसायटी'च म्हणाले. पहिली म्हैस त्याच बँकेच्या कर्जाची. म्हशीचं नाव राणी. मारकी होती, पण दूध असं की साय बोटाने उचलावी. विषय कुठे गेला बघा, पण राणीशिवाय आमचं घर सांगता येत नाही.

मेणवलीचा_बाळू: मी वाईकडचा. आमच्या मेणवलीच्या घाटावर वसईच्या चर्चची घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ला किल्ला घेतला तेव्हाची. लहानपणी तिच्याखाली उभं राहून ओरडायचो.

फिलू: @बाळू आम्ही आलो होतो बघायला! पप्पा घंटेला हात लावून बराच वेळ गप्प उभे होते. मग घाटावरच्या एका आजींनी पाणी आणून दिलं.

मेणवलीचा_बाळू: पुढच्या वेळी आमच्याकडे जेवायलाच या. खरंच सांगतोय.

डॉली_बंगली: माझा जन्म कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटलातला, माझ्या मुलीचाही. रात्री दोनला रिक्षा मिळेना, तेव्हा शेजारचे टेम्पोवाले दादा नुसत्या बनियनवर गाडी काढून आले. ममा आयसीयूत आहे सध्या. वाचून बरं वाटतंय, लिहीत राहा.

वाडीतली: डॉली, काळजी घे गं. ममाला आराम पडू दे. डबा लागला तर हक्काने सांग.

नंदाखालचा: २०१८च्या जुलैत पाणी भरलं तेव्हा दोन दिवस वीज नव्हती. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये चूल पेटली. खिचडी ढवळायला गणेश मंडळाची पोरं, मोठी पातेली त्यांचीच. मिस्साला येणारे आणि आरतीला येणारे एकाच पंगतीत. मी वाढायला होतो, हात भाजला, अजून डाग आहे.

सुनीता_गास: आमच्याकडे सुवार्ता मासिक यायचं. त्याचे पूर्वीचे संपादक फादर दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ममाने माळ्यावरून जुने अंक काढून उन्हात घातले. एकेक पान पुसत होती. मी तिला कधी एवढी खूश पाहिली नव्हती.

वैशाली_सोपारा: आले परत. सुकेळी कोणत्या केळ्यांची? वेलची चालतील का?

फिलू: नाही नाही, राजेळीच. सोलून कडक उन्हात बरेच दिवस, रोज उलटायची. ढग आले की सगळं घर धावतं.

वाडीतली: @वैशाली आत्याला विचारते, पुढच्या खेपेला तुझ्यासाठी दोन जुड्या. आत्ताच फोन झाला तिच्याशी. तीन टिंबांचा डबा तिच्याकडे आहे म्हणे, त्यात ती तांदूळ मोजते. फोटो पाठवायला सांगितलंय, आला की इथे टाकते.

डॉली_बंगली: ममाने आत्ता डोळे उघडले. जाते आत.