‘बाई मला बोलल्या’ की ‘बाई माझ्याशी बोलल्या’?

चर्चेसाठी शब्द: अहिंसक संवाद

मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बोलण्याची एक पद्धत घडवली. तिला मराठीत ‘अहिंसक संवाद’ म्हणतात, काही जण ‘करुणामय संवाद’ म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र आणण्याचं काम चाललं होतं. तिथे मध्यस्थी करताना त्यांनी ही पद्धत वापरायला सुरुवात केली. ‘अहिंसक’ हे विशेषण त्यांनी गांधीजींच्या अर्थाने घेतलं. म्हणजे नाव मुळात आपल्याच शब्दावरून गेलं आणि फिरून आपल्याकडे आलं.

मी शाळेत शिकवते. सहकाऱ्यांसाठी या पद्धतीचं टिपण मराठीत करायला बसले. पद्धतीच्या पायऱ्या चार: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. चारही प्रतिशब्द बरोबर आहेत, पण वर्गात नेल्यावर ते चालेनात. ‘माझं निरीक्षण असं आहे की तुझी वही आलेली नाही, माझी भावना काळजीची आहे, माझी गरज सहकार्याची आहे’ असं मी एका मुलाला सांगून पाहिलं. त्याने मान आणखी खाली घातली. माझ्या शब्दांत चूक नव्हती, पण त्याच्या कानाला ते नोटीस वाचून दाखवल्यासारखे लागले असणार.

त्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी मैत्रिणीला सांगताना ऐकलं, ‘आज बाई मला बोलल्या.’ बाई म्हणजे मी. मला धक्का बसला, कारण माझ्या समजुतीप्रमाणे मी तिच्या*शी* बोलले होते. आवाज चढवला नव्हता. एवढंच विचारलं होतं, ‘वही का नाही आणलीस?’

‘ला’ आणि ‘शी’. दोन प्रत्ययांमधलं हे अंतर मला त्या चार नामांपेक्षा जास्त शिकवून गेलं. ‘मला बोलल्या’ म्हणजे रागावल्या, बोलणं एका बाजूने आलं आणि मी ते खाल्लं (‘बोलणी खाणे’ हा प्रयोग उगाच नाही). ‘माझ्याशी बोलल्या’ म्हणजे बोलण्यात दोघी होत्या. म्हणून माझं मत असं झालं आहे की या पद्धतीची नामं मराठीत शोधत बसू नये, तिची क्रियापदं शोधावीत. ती आपल्याकडे आहेत: दिसणे, वाटणे, हवे असणे, जमणे. ‘चार दिवस वही दिसली नाही. मला काळजी वाटली. कुठे अडतंय ते मला कळायला हवंय. मधल्या सुट्टीत दोन मिनिटं बोलायला जमेल का?’ चारही पायऱ्या आल्या आणि एकही जड शब्द लागला नाही.

तुम्हाला हे पटतं का? आणखी कोणते प्रयोग सुचतात? ‘प्रेरणा’ आणि ‘विश्वास’ या शब्दांवरही बोलावं अशी इच्छा आहे, कारण शाळेत हे सगळं शेवटी त्या दोन गोष्टींसाठीच करायचं.

प्रतिसाद १

‘ला’ आणि ‘शी’चा मुद्दा छान. एक भर घालतो. आता बऱ्याच मुलांच्या बोलण्यात ‘तो मला बोलला की उद्या सुट्टी आहे’ असं सरसकट येतं, तिथे ‘बोलला’चा अर्थ फक्त ‘म्हणाला’ एवढाच असतो. तेव्हा ‘बाई मला बोलल्या’चा अर्थ लावताना पुढे ‘की’ आहे का ते पाहावं. वाक्य तिथेच संपलं तर बोलणी बसली म्हणून समजा.

प्रतिसाद २

‘की’ची गोष्ट निघालीच आहे, तर ‘वाटणे’ या क्रियापदाला तीच कसोटी लावून पाहा. मराठीत ‘वाटणे’ दोन कामं करतं. ‘मला भीती वाटते’, ‘मला बरं वाटलं’ ही भावना. ‘मला वाटतं की तू मुद्दाम करतोस’ हे मत, आणि तेही समोरच्याच्या मनातल्या हेतूवर केलेला आरोप. पालकसभेत ‘मला जे वाटतं ते मी स्पष्ट बोलतो’ म्हणणारे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचं बोलत असतात. रोझेनबर्गच्या पद्धतीत या दोहोंची सरमिसळ ही चूक मानली जाते. आपल्याकडे ती पकडणं सोपं आहे. ‘वाटतं’च्या पुढे ‘की’ आला, किंवा मनातल्या मनात घालता आला, तर ती भावना नव्हे.

दुसरी गोष्ट ‘राग येणे’. या वाक्यात येणारा राग आहे, मी नुसती ‘मला’. तो येतो आणि जातोही. आणि ‘तुझ्यामुळे मला राग आला’ म्हटलं की काय होतं पाहा. ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात ‘मूळ’ आहे. माझ्या रागाचं मूळ मी बारा वर्षांच्या पोराच्या पायाखाली खणून दाखवते. इतरांच्या वागण्याने भावना जागी होते, पण तिचं कारण आपल्या स्वतःच्या गरजेत असतं, हा या विचाराचा कणा आहे. तेव्हा ‘मुळे’ काढून ‘तेव्हा’ घाला: ‘मी बोलत असताना मागे गप्पा सुरू झाल्या, तेव्हा मला राग आला.’ राग लपवला नाही, फक्त त्याचं गाठोडं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं नाही.

मूळ लेखिका

‘मुळे’ आणि ‘तेव्हा’! हे मी टिपणात घेणार.

‘गरज’ या शब्दाबद्दल माझी अडचण सांगते. मराठीत त्याला कमीपणाचा वास आहे. ‘गरजू’ म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि ‘तुला बोलायची गरज नव्हती’ हे वाक्य भांडणातलं. अशा शब्दाने शिक्षक स्वतःबद्दल बोलायला कचरतो आणि मुलालाही ते शोभत नाही. ‘हवं’ला तो वास नाही. पण ‘हवं’ही दुधारी आहे. ‘मला शांतता हवी आहे’ ही गरज झाली. ‘तू शांत बसायला हवंस’ हे कर्तव्य झालं, आणि त्यात न बसल्याबद्दलचा ठपका आधीच तयार आहे. शब्द एकच, पण ‘हवं’च्या आधी नाम आलं तर गरज, ‘तू करायला’, ‘तू बसायला’ असं आलं तर हुकूम.

‘विनंती’ हा शब्दही वर्गात उपरा वाटतो, कारण तो अर्जातला आहे. आपण विनंती नाम घेऊन करतच नाही, ती ‘का’ने करतो: ‘फळा पुसशील का?’ याच वाक्यात ‘ना’ घातला, ‘पुसशील ना?’, की नकाराला जागा उरत नाही. मूल ‘नाही’ म्हणालं तर आपण काय करतो, यावरून मघाशी केली ती विनंती होती की हुकूम ते कळतं.

प्रतिसाद ३

मीही शिक्षक आहे. वर्गात पन्नास मुलं असताना एकाची भावना, एकाची गरज करत बसलो तर तास संपेल. आणि एक मुलगा दुसऱ्याला कंपासचं टोक टोचत असेल तर तिथे ‘जमेल का’ विचारायचं? थोडं अव्यवहारी वाटतं. पुन्हा, ‘वही दिसली नाही’ हे मला पळपुटं वाटतं. वही त्याने आणली नाही, मग तसं का म्हणू नये?

मूळ लेखिका

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो बरोबर आहे. ‘तू’ टाळायचा असं मुळीच नाही. ‘सोमवारपासून तू वही आणली नाहीस’ हे स्वच्छ निरीक्षण आहे. ‘तू कधीच वही आणत नाहीस’, ‘तू बेजबाबदार आहेस’ ही निरीक्षणं नव्हेत. ‘कधीच’, ‘नेहमी’, ‘जेव्हा बघावं तेव्हा’ ही क्रियाविशेषणं मुलाला वाद घालायला एक चांगलं कारण देतात, कारण ती बहुधा खोटी असतात. मागच्या गुरुवारी त्याने वही आणलेली असते आणि त्याला ते पक्कं आठवत असतं.

कंपासचं टोक असेल तर हात धरायचा, आधी धरायचा. रोझेनबर्ग स्वतः संरक्षणासाठी वापरलेलं बळ आणि शिक्षेसाठी वापरलेलं बळ यांत फरक करतात. मराठीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत: ‘रोखणे’ आणि ‘शिक्षा करणे’. रोखणं तिथल्या तिथे संपतं. त्याने भोगलं पाहिजे हा विचार शिक्षेत येतो.

वेळेचं म्हणाल तर ‘का नाही आणलीस?’ आणि ‘काय झालं?’ यांना सारखाच वेळ लागतो. ‘का’ विचारलं की मूल सबब शोधतं, ‘काय’ विचारलं की हकीकत सांगतं. निदान माझ्या वर्गातला अनुभव असा आहे.

प्रतिसाद ४

शिक्षेचा विषय निघाला म्हणून व्युत्पत्तीकडे थोडं वळतो, कारण इथे एक फार सुंदर जोडी आहे.

‘शिक्षक’, ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे तिन्ही ‘शिक्ष्’ या धातूचे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, हिंदीत आजही तोच अर्थ. मराठीत मात्र ‘शिक्षा’ दंडाकडे गेली. आता ‘शिक्ष्’ कुठून आला? ‘शक्’, म्हणजे समर्थ असणे, या धातूचं ते इच्छार्थक रूप मानतात. शिकणं म्हणजे ‘जमावं अशी इच्छा’. आणि ‘हिंसा’मधला ‘हिंस्’? तोही ‘हन्’, म्हणजे मारणे, या धातूचं इच्छार्थक रूप असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. हिंसा म्हणजे केवळ मारणं नव्हे, दुखवण्याची *इच्छा*. दोन्ही शब्द इच्छेचे आहेत. म्हणून मला ‘अहिंसक’ हेच विशेषण योग्य वाटतं, ‘करुणामय’ नको. कंपास हिसकावून घेणारा शिक्षक अहिंसक असू शकतो, आणि गोड आवाजात टोचून बोलणारा नसतो.

आता ‘प्रेरणा’. या शब्दात ‘ढकलणे, चालना देणे’ असा अर्थ आहे, म्हणजे ढकलणारा कुणी तरी बाहेर उभा आहे. शाळेतली भाषाही तशीच: ‘मुलांकडून अभ्यास करून घेतो’, ‘शिस्त लावतो’, ‘गोडी लावतो’. सकर्मक क्रियापदं, कर्ता शिक्षक. पण गोडी खरी लाग*ते*, हुरूप ये*तो*, उमेद वाट*ते*. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आंतरिक प्रेरणेवर दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या सिद्धांतात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि कुणाशी तरी नातं असणं. मधली गरज तर थेट ‘शक्’ धातूच आहे!

प्रतिसाद ५

मग कौतुकही करायचं नाही का? आई म्हणून विचारते. ‘शाब्बास’ म्हणणं चूक कसं असेल?

मूळ लेखिका

चूक नाही, ताई. ‘शाब्बास’ मूळचा फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. मुळात ती शुभेच्छा आहे, निकाल नव्हे. अडचण ‘हुशार आहेस’, ‘गुणी आहेस’ या वाक्यांची आहे. ती लेबलंच आहेत, फक्त गोड. आज हुशार ठरवणारी व्यक्ती उद्या मठ्ठ ठरवू शकते, हे मुलांना चांगलं कळतं. रोझेनबर्गने कौतुकालाही तीच शिस्त लावली: तू काय केलंस, त्याने माझं काय भागलं, मला काय वाटलं. ‘तू गणिताच्या पायऱ्या सुट्या सुट्या लिहिल्यास, त्यामुळे चूक कुठे आहे ते मला लगेच दिसलं, बरं वाटलं.’ (इथे ‘मुळे’ चालेल, वहीवर आनंदाचं ओझं पडत नाही.)

बक्षिसाचं आमिष वेगळं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, आपणहून चित्रं काढणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते शेवटी अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात आमिष दाखवलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नव्हती. म्हणजे बिघडवलं ते बक्षिसाने नव्हे, ‘केलंस तर देईन’ या अटीने. मराठीत हे सगळं ‘तर’ या एका शब्दात मावतं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

‘विश्वास’ राहिला. त्याची क्रियापदं पाहा: विश्वास ठेवणे, बसणे, उडणे, विश्वासात घेणे. ‘ठेवणे’ आपल्या हातात आहे. ‘बसणे’ नाही. पाखरू बसावं तसा तो बसतो आणि उडतोही तसाच. शिक्षकाने मुलावर विश्वास *ठेवायचा*, मुलाचा शिक्षकावर *बसतो* का ते पाहत थांबायचं. आणि शब्दात ‘श्वस्’ धातू आहे, वि-श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्भय असणे.

मूळ लेखिका

तुमचा हा प्रतिसाद वाचून त्या वहीवाल्या मुलीची पुढची गोष्ट सांगावीशी वाटली.

‘बाई मला बोलल्या’ ऐकल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘काल मी का नाही आणलीस असं विचारलं. ते तुला लागलं असेल. मला खरं तर काळजी वाटत होती. काय झालंय?’ ती बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितलं की एक उदाहरण चुकलं, ते खोडताना पान फाटलं. फाटकी वही दाखवायला नको म्हणून ती पहिल्या पानापासून सगळी वही नव्याने उतरवून काढत होती. चार रात्री. मी ‘बेजबाबदार’ म्हणायच्या बेतात होते त्या मुलीने चार दिवसांत चाळीस पानं लिहिली होती.

‘सोमवारी दाखवली तर चालेल का?’ तिने विचारलं. मी म्हणाले, चालेल. सोमवारी तिने दोन्ही वह्या आणल्या, नवी आणि फाटकी. नवी माझ्या हातात दिली, फाटकी उघडून ते पान समोर धरलं आणि म्हणाली, ‘बाई, हे उदाहरण अजून येत नाहीये.’