मदत हवी आहे: बारा वर्षांनी परत डीजेइंग, जुना एसएल१ बॉक्स ठेवू की कंट्रोलर घेऊ?

दांडियाबाजार७
मंडळी, मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू करतोय. घरात रेनचा एसएल१ बॉक्स (टर्नटेबल लॅपटॉपला जोडणारा), दोन डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणि सेराटोच्या दोन कंट्रोल व्हायनल (लॅपटॉपमधली गाणी टर्नटेबलवरून फिरवायच्या तबकड्या) आहेत. लॅपटॉप विंडोज ११, ८ जीबी रॅम, एसएसडी. वापर म्हणजे घरचा सराव, सोसायटीचा गणपती आणि नवरात्रात बडोद्यातला शेरी गरबा. स्पीकर साउंडवाल्याचे, त्याच्या मिक्सरला फक्त वायर द्यायची. एसएल१ चालेल का, की सॉफ्टवेअर चालवायचा बटणं-चकत्यांचा कंट्रोलर घेऊ? सॉफ्टवेअर सेराटो, रेकॉर्डबॉक्स की मिक्सक्स? बजेट हेडफोन धरून ४० हजार.

क्यूपॉइंट
एसएल१ विसरा. तो सेराटोच्या स्क्रॅच लाइव्ह या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातला. ते बंद झालं, आणि सेराटो डीजेने एसएल२, ३, ४ यांना आत घेतलं, एसएल१ला दारातच ठेवलं. टर्नटेबल मात्र विकू नका.

कंट्रोलर घेताना दिवे आणि पॅड नंतर बघा, आधी तो कोणतं सॉफ्टवेअर फुकट उघडतो ते विचारा. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (लॅपटॉपवरून थेट वाजवायचा) वेगळे पैसे न देता चालू होतो. सेराटो डीजे लाइटही त्यावर चालतं, प्रो हवं तर पैसे. दोन चॅनल तुम्हाला भरपूर. चार चॅनलचा घेऊन दोनच वापरणारेच जास्त.

हेडफोन वायरचाच आणि कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, क्यू, म्हणजे पुढचं गाणं आधी कानात ऐकून जुळवणं, जमत नाही.

दांडियाबाजार७
कंट्रोलर यायला वेळ आहे म्हणून मिक्सक्स टाकून पाहिलं. कहरव्यातली गाणी नीट बसतात, पण हींच तालातल्या गरब्यात चार बीटचा लूप (तोच तुकडा फिरवत ठेवणं) लावला की ताल लंगडतो. बीपीएम (मिनिटाला ठोके) १५० दाखवतंय, मला तर गरबा एवढा वेगात वाटत नाही. लॅपटॉप कमी पडतोय का?

सहामात्रा
लॅपटॉपचा काही दोष नाही. हींच सहा मात्रांचा, आणि नाचणारा तो एक-दोन-तीन, चार-पाच-सहा असा दोन ठोक्यांत मोजतो. सॉफ्टवेअर त्याच सहा मात्रा दोन-दोनच्या जोड्यांत मोजतं, म्हणजे आवर्तनाला तीन बीट. तुमचा गरबा खरं तर १०० चा आहे, १५० चा नाही. आता चार बीटचा लूप म्हणजे आठ मात्रा, म्हणजे एक आवर्तन आणि वर दोन मात्रा. लंगडणारच.

मिक्सक्समध्ये गाण्यावर राइट क्लिक करून बीपीएमच्या यादीतून २/३ निवडा. १५० चे १०० होतील, चार बीटमध्ये बारा मात्रा, बरोबर दोन आवर्तनं. मग ढोलाच्या पहिल्या 'धा'वर गाणं थांबवा आणि बीटग्रिड (गाण्यावरच्या ठोक्यांच्या खुणा) तिथे सरकवा. हे विसरलात तर आकडा बरोबर आणि लूप तरी अर्धवट, असं होतं. रेकॉर्डबॉक्समध्ये दुप्पट आणि निम्मं करायची बटणं आहेत, दोन तृतीयांशाचं नाही. तिथे ग्रिडच्या पॅनेलमध्ये आकडा हाताने लिहा.

प्रत्यक्ष वाजवून रेकॉर्ड केलेल्या जुन्या गाण्यांत लय मध्येच वाढते. त्यांच्यासाठी मिक्सक्समधली स्थिर टेम्पो गृहीत धरायची खूण काढा, रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषण डायनॅमिकवर ठेवा. तरीही गरब्यात सिंकवर (सॉफ्टवेअरने आपोआप वेग जुळवणं) विसंबू नका. पिच फेडर (वेगाची सरकपट्टी) आणि कान.

दांडियाबाजार७
२/३ केलं, लूप चपखल बसला! आता साउंडवाल्याकडे वायर कशी द्यायची?

अर्थिंग
एफएलएक्स४चं मास्टर आउट फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचं) आहे. ही वायर तीन-चार मीटरच्या पुढे नेऊ नका, मंडपात ती एरियलसारखी सगळी घरघर गोळा करते. अंतर जास्त असेल तर कंट्रोलरजवळच स्टीरिओ डीआय बॉक्स (सिग्नल लांब वायरीसाठी बदलून देणारा), आणि तिथून एक्सएलआर, म्हणजे माइकची वायर. डीआयमधून माइकच्या पातळीचा सिग्नल निघतो, म्हणून मिक्सरवर माइकच्याच इनपुटला द्या. लाइनला दिलात तर आवाज अगदी बारीक येईल.

चार्जर लावला की गुणगुण, काढला की गायब, असं झालं तर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी गुणगुण) समजा. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन कापणाऱ्याचं ऐकू नका, पावसाळी मंडपात तर नाहीच.

गेन (सिग्नलची पातळी) इतकाच की गाण्याचा सर्वात मोठा भाग लाल दिव्याच्या खाली राहील. आवाज कमी वाटला तर साउंडवाल्याने त्याच्या बाजूने वाढवावा, तुम्ही नाही.

क्यूपॉइंट
बफर (सॉफ्टवेअर आवाज साठवून सोडतं तो तुकडा) २५६ सॅम्पलपासून सुरू करा. ४४१०० हर्ट्झला तो ५.८ मिलिसेकंद होतो. मध्येच टिकटिक आली तर ५१२, म्हणजे ११.६, तेवढा उशीर मिक्सिंगला चालतो. त्याआधी यूएसबी हब काढून वायर थेट लॅपटॉपला लावा आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. नाहीतर कंट्रोलर मधूनच झोपतो.

दांडियाबाजार७
आणि टर्नटेबल?

सहामात्रा
मिक्सक्स सेराटोची कंट्रोल व्हायनल ओळखतं. चार इनपुट आणि चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (एसएल१ऐवजी टर्नटेबल लॅपटॉपला जोडणारा) लागेल, दोन इनपुटवाला घेऊ नका, एकच डेक चालेल. टर्नटेबलचा सिग्नल फोनोचा (थेट सुईतून येणारा), फार अशक्त. फोनो प्रीअँप (तो वाढवणारा) मध्ये घाला किंवा व्हायनल कंट्रोलच्या सेटिंगमधला सिग्नल बूस्ट वाढवून पाहा. सेटिंगमध्येच गोल चकती दिसते. व्हायनल फिरत असताना ती हिरवी आणि गोल हवी. फाटकी दिसली तर आधी सुई पुसा, मग टर्नटेबलची पातळ ग्राउंड वायर प्रीअँपच्या स्क्रूला लावली आहे ना, ते बघा.