मदत हवी आहे: आईसाठी मऊ गादी, पण लॅटेक्स (रबराच्या झाडाचा चीक) अजिबात चालणार नाही (वेंगुर्ला)

मंडळी, गादी घ्यायचीय आणि डोकं पार पिकलंय. आई 68 वर्षांची, वजन जेमतेम 45 किलो, कुशीवर झोपते आणि खुबा इतका दुखतो की रात्री दोनदा उठून बसते. डॉक्टर म्हणाले मऊ गादी घ्या. पण तिला लॅटेक्सची अॅलर्जी आहे, नर्स होती, रबरी ग्लोव्हज घालून घालून जडली, आधी नुसती खाज, मग गांधी, शेवटी तर फुगा फुगवला तरी ओठ सुजायचे. केळ्यानेसुद्धा घसा खाजतो, त्यामुळे सत्यनारायणाचा प्रसादही विचारून घ्यावा लागतो.

सध्याची गादी काथ्याची. मला वाटायचं काथ्या म्हणजे आपल्या माडाचा, त्यात कसलं आलंय रबर! परवा कोपरा उसवून बघितला तर धागे एकमेकांना चिकटलेले आणि दाबलं की स्पंजासारखे वर येतात, तेव्हा कुठे ट्यूब पेटली, ते धागे लॅटेक्स मारूनच चिकटवतात. आणि वर एवढं करून मऊ म्हणाल तर नाहीच, आई म्हणते "दगडार निजल्यासारख्या वाटता".

कुडाळला एका दुकानात विचारलं, लॅटेक्स नको. तर म्हणे "मॅडम ही घ्या, शंभर टक्के नॅचरल." म्हणजे? "प्युअर लॅटेक्स!" 😑

मग आता काय घेऊ? कापसाची पावसाळ्यात ओल धरते, गोळे होतात आणि पिंजारी आता फिरकतच नाही. मेमरी फोम गरम होतो ना? पॉकेट स्प्रिंगला गंज? समुद्र दहा मिनिटांवर, आमच्या खिडकीचे गज बघाल तर कळेल. पलंग 72 बाय 48 इंच, खाली सपाट प्लाय, बजेट 15 हजार.

माडाखालचा: ताई, फोमची डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक असं नाही हां, डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमागे किती किलो, ती टिकण्याशी जास्त संबंधित. मऊपणा वेगळा. वजन कमी असलं की माणूस गादीत रुततच नाही, मला मीडियम वाटते ती तुमच्या आईंना कडक वाटणार, म्हणून त्यांनाच दुकानात नेऊन कुशीवर दहा मिनिटं झोपवा. खाली साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि वर दोन इंच मऊ थर असली बघा. आणि पावतीवर "लॅटेक्स नाही" लिहून घ्या, स्प्रिंगच्या गाद्यांत पण वरचा थर कधीकधी लॅटेक्सचा असतो.

सड्यावरची: प्लाय काढा आधी! आमची फोमची गादी श्रावणात उचलली तर खालून काळे ठिपकेच ठिपके. पट्ट्या मारून घ्या, दोन बोटं फट ठेवून, म्हणजे खालून वारा लागतो. स्प्रिंगचं म्हणाल तर मी तरी नाही घेणार एवढ्या खाऱ्या हवेत. उशीला सावरीचा कापूस चालेल, आमच्या आज्येच्या उश्या त्याच्याच.

धागाकर्ती: दोघांचे आभार, पट्ट्यांचं डोक्यातच नव्हतं, सुताराला उद्याच बोलावते. शनिवारी आईला घेऊन जाते दुकानात, ती लोकांसमोर आडवी व्हायला तयार झाली तर. आणि गरम होण्याचं कुणी सांगाल का, मे महिन्यात आमच्याकडे लाईट जाते हो, पंखाही नसतो.