'डोन्ट यू वॉन्ट मी' ही बँडचीच खरी गोष्ट आहे का?

कॅसेटवाला:
ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचे इथे बरेच दर्दी आहेत म्हणून विचारतोय. द ह्यूमन लीग ह्या ब्रिटिश बँडचं 'डोन्ट यू वॉन्ट मी' सगळ्यांनी ऐकलेलंच असणार, ते कॉकटेल बारमधल्या वेट्रेसवालं. माझा एक मित्र छातीठोकपणे सांगतो की ही त्यांच्या बँडचीच स्टोरी आहे, म्हणजे गायक फिल ओकीने त्यातल्या त्या दोन गाणाऱ्या पोरींना नाइटक्लबमधून उचलून बँडमध्ये घेतलं, स्टार केलं आणि मग त्यावरच गाणं लिहिलं. खरंय का हे? आणि ओकीला स्वतःलाच हे गाणं आवडत नव्हतं असंही वाचलं कुठेतरी. एवढं जमून आलेलं गाणं आणि गाणाराच नाक मुरडतोय, काही झेपलं नाही राव.

सातारकर_सध्या_लीड्स:
नाइटक्लबचं खरंय, बाकी तुमच्या मित्राने पदरचा मसाला घातलाय. झालं असं की १९८० मध्ये मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श बँडमधून फुटले (त्यांनी पुढे हेवन १७ काढलं), बँडचं नाव ओकीकडे राहिलं आणि युरोपची टूर अगदी तोंडावर आलेली. वेअर मागून वरच्या पट्टीत गायचा, ती जागा भरायला एक बाईचा आवाज हवा होता. तर ओकी शेफील्डच्या क्रेझी डेझी नावाच्या क्लबात गेला आणि तिथे नाचणाऱ्या सुझॅन सली आणि जोअॅन कॅथरॉल त्याला दिसल्या. दोघी तेव्हा शाळेत होत्या हो, कसली वेट्रेस आणि कसलं काय! हवी होती एकच, पण मैत्रिणी एकमेकींना सांभाळून राहतील म्हणून दोघींना घेतलं आणि त्याआधी ओकी त्यांच्या आईवडिलांशी रीतसर बोलला. गंमत म्हणजे त्यांनी ह्याच बँडच्या डॉनकास्टरच्या शोची तिकिटं आधीच काढून ठेवली होती.
गाणं त्याला सुचलं ते पोरींच्या एका मासिकातल्या फोटो-स्टोरीवरून, वर 'अ स्टार इज बॉर्न' ह्या सिनेमाचाही हात आहे. खरी गोष्ट नाही हे सली स्वतः कितीतरी वेळा सांगून बसलीये पण लोक ऐकतात का.

मंद्रसप्तक:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. ह्या लोकांचं आधीचं 'बीइंग बॉइल्ड' ऐका, १९७८ चं, थंडगार आणि जरा भीतीदायकच प्रकरण आहे. अशा माणसाला प्रोड्यूसर मार्टिन रशंट आणि जो कॅलिस ह्यांनी मिळून केलेलं गुळगुळीत मिक्स ऐकवल्यावर तो भडकणारच, आणि भडकला. म्हणून 'डेअर' अल्बमवर ते पार शेवटी, दहाव्या नंबरला टाकलंय बघा. वर अल्बममधली तीन गाणी सिंगल म्हणून आधीच येऊन गेलेली, चौथं काढलं तर लोक कंटाळतील अशी धास्ती. व्हर्जिन ह्या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा सायमन ड्रेपर मात्र काढायचंच म्हणून अडून बसला. शेवटी तडजोड म्हणून रेकॉर्डसोबत पोस्टर फुकट द्यायचं ठरलं, म्हणजे घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटायला नको! नोव्हेंबर १९८१ मध्ये आलं आणि ख्रिसमसला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर, तिथे पाच आठवडे, एकट्या ब्रिटनमध्ये पंधरा लाखांच्या वर कॉपी. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेतही पहिला नंबर. पोस्टरसाठी कोणी घेतलं असेल असं वाटत नाही :)

की_बोर्डे:
त्या काळची मशिनं हाताळायला मिळायला हवी होती असं मला हे गाणं ऐकताना दरवेळी वाटतं. ड्रम आहेत ते लिन एलएम-१ ह्या ड्रम मशीनचे, म्हणजे खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये भरलेले, पण त्यात क्रॅश झांज नव्हतीच. रशंटकडे रोलँडचा एमसी-८ होता, म्हणजे सिंथेसायझरकडून आपोआप वाजवून घेणारा सीक्वेन्सर, त्यात सूर वाजवून भरायची गरज नाही, कॅल्क्युलेटरसारखी बटणं, प्रत्येक सुराला आकडे मारायचे, कुठला सूर, पुढचा किती वेळाने, आणि हा किती वेळ धरून ठेवायचा. एक आकडा चुकला की बसा शोधत. आणि हे सगळं करून गाणं यंत्रासारखं कोरडं वाटत नाही, ह्याचं श्रेय मी रशंटला देईन, ओकी काहीही म्हणो. कॅलिस तर मुळात रेझिलोज ह्या पंक बँडचा गिटारवाला, इथे आला आणि सिंथवर बसला.

वैजू_ताई:
सगळे मशिनवर बोलताय, पण गाण्यात खरी मजा सली तोंड उघडते तिथे आहे. आधी तो बाप्या येऊन सुनावून जातो, तुला मी घडवलं, मनात आणलं तर परत होतीस तिथे नेऊन ठेवीन. धमकीच आहे सरळ. आणि मग ही त्याच चालीत उत्तर देते, हो रे बाबा, वेट्रेस होते ते खरंय, पण तू नसतास तरी मी माझी वाट काढलीच असती. आवाज चढवत नाही, रडत नाही, तालीम केलेला गळाही नाही, शेजारची पोरगी बोलल्यासारखं गाते म्हणून ते लागतं. ओकीने हे आधी एकट्यासाठीच लिहिलेलं, नंतर दोघांचं केलं. तसंच राहिलं असतं तर नुसतं चिडक्या पुरुषाचं रडगाणं झालं असतं. तो स्वतःच सांगतो की हे प्रेमगीत नाही, आणि लोक लग्नाच्या पार्टीत ह्यावर नाचतात, काय बोलणार.

मंद्रसप्तक:
@वैजूताई +१. व्हिडिओ पण बघा, स्टीव्ह बॅरनने स्लाउजवळ पावसाळी रात्री शूट केलाय, सिनेमाच्या शूटिंगचं शूटिंग. हाच गडी पुढे 'बिली जीन' आणि 'टेक ऑन मी' चे व्हिडिओ करून गेला.

निशाचर:
मी ओकीच्या बाजूने. 'डेअर' वर ह्याच्याहून भारी गाणी आहेत. 'सेकंड्स' ऐका, केनेडीच्या हत्येवरचं, अंगावर येतं. हे गाणं चांगलंय पण इतकं वाजवलंय इतकं वाजवलंय की आता सुरुवातीचे ते सूर आले की मी पुढे ढकलतो.

कॅसेटवाला:
सगळ्यांचे आभार, मित्राला हा धागा पाठवलाय, तो म्हणतो "तरी पण काहीतरी असणारच". निशाचर, 'सेकंड्स' लावून बघतो.

सातारकर_सध्या_लीड्स:
निशाचर, तुम्ही कितीही पुढे ढकला, ते काही जात नाही. २०१४ ला अॅबर्डीनच्या फुटबॉल टीमने स्कॉटलंडचा लीग कप जिंकला, तिथले पब्लिक ह्याच चालीवर त्यांच्या पीटर पॉलेट ह्या खेळाडूचं नाव घुसवून गायचे, आणि सगळ्यांनी मिळून मूळ गाणं डाउनलोड करून करून ब्रिटिश चार्टवर परत १९ व्या नंबरला नेऊन बसवलं. तेहतिसाव्या वर्षी!